एकाच पानावर अंडं, अळी, कोष आणि पतंग : मारिया सिबिला मेरियान

तुतीचं पान

तुतीची एक डहाळी. तिच्यावर रेशीमकिड्याची अंडी, इवल्या अळ्या, खाऊन जाडजूड झालेली अळी, कोष आणि पंख पसरलेले पतंग. पानं जागोजागी कुरतडलेली. १६७९ मध्ये छापलेल्या एका पुस्तकातलं हे पहिलं चित्र. चित्रकर्ती मारिया सिबिला मेरियान, तेव्हा वय वर्षं ३२, पदरात दोन मुली.

गेले काही महिने मी हिच्यात पूर्ण बुडाले आहे, म्हणून हा धागा.

जन्म फ्रँकफुर्टचा, १६४७ चा. वडील नावाजलेले ताम्रपट (चित्रं छापण्यासाठीचे तांब्याचे पत्रे) कोरणारे आणि प्रकाशक, पण ती तीन वर्षांची असतानाच गेले. आईने पुढे याकोब मारेल या चित्रकाराशी लग्न केलं. फुलदाण्या, फुलं, एखादा भुंगा अशी चित्रं तो काढायचा. तिचं शिक्षण त्याच्याच हाताखाली झालं. तेरा वर्षांची असताना तिने रेशीमकिडे पाळले आणि तिथून पुढे दिसेल ती अळी घरी आणून, डब्यात ठेवून, तिला हवं ते पान पुरवून पुढे काय होतं ते बघत बसणं हा तिचा आयुष्यभराचा उद्योग झाला. सुरवंट घाणीतून आपोआप निपजतात असं बहुतेकांना वाटत असण्याचा तो काळ. इटलीत फ्रान्चेस्को रेदीने मांसाच्या बरण्या झाकून माश्या अंड्यांतूनच येतात हे दाखवलं ते १६६८ मध्ये. ही मुलगी त्याच्या आठ वर्षं आधीपासून डबे उघडून बघत होती.

मला सांगायचंय ते तिच्या चित्रांच्या मांडणीबद्दल. फुलांचं सुंदर चित्र आणि त्यावर एक पतंग, हे मारेलही करत होता. तिथे पतंग शोभेला असतो, कुठल्याही फुलावर बसवला तरी चालतो. मेरियानच्या चित्रात तो पतंग दुसऱ्या झाडावर हलवता येत नाही. ही अळी हेच पान खाते, म्हणून ती इथे आहे. तिच्या पुस्तकाच्या लांबलचक जर्मन नावातच सुरवंटांचं आश्चर्यकारक रूपांतरण आणि त्यांचा फुलांवरचा आहार अशा दोन्ही गोष्टी आहेत. कुठली रेघ कुठे येणार हे अळीच्या खाण्याने ठरवलंय. शोध आधी लागला आणि मग त्याला चित्र जोडलं, असं इथे झालेलंच नाही. चित्राची रचना हाच शोध आहे. तिच्याआधी रूपांतरणाच्या या अवस्था कोणी चित्रातून दाखवल्या नव्हत्या.

१६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रं विकून पैसे उभे करून, मृत्युपत्र करून ती धाकट्या मुलीला, डोरोथिआला, घेऊन ॲमस्टरडॅमहून सुरीनामला गेली. दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत ती. जायचं कारण तिने स्वतः लिहून ठेवलंय: ॲमस्टरडॅममधल्या बड्या लोकांच्या संग्रहात तिने परदेशातून आणलेले एकाहून एक देखणे कीटक पाहिले, पण ते कशातून जन्मले, काय खात होते, याचा तिथे पत्ता नव्हता. मेलेलं फुलपाखरू तिला अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यासारखं वाटलं असणार. (हे माझं वाक्य, तिचं नाही.)

१७०१ मध्ये आजारी पडून परत यावं लागलं. १७०५ मध्ये ६० ताम्रपटांचं 'मेटामॉर्फोसिस इन्सेक्टोरम सुरिनामेन्सियम' निघालं. पुढे सावकाश लिहीन. तोवर तुम्ही लिहा.

अळीमित्र

धागा वाचून फार आनंद झाला. पण एक दुरुस्ती करतो, कारण ती न केल्यास मेरियानवरच अन्याय होतो. अवस्था पहिल्यांदा तिने दाखवल्या असं नाही. योहानेस गुदार्त नावाचा डच चित्रकार १६६० च्या दशकातच अळ्या पाळून त्यांची चित्रं छापत होता. डच शास्त्रज्ञ यान स्वामरडामचं कीटकांवरचं पुस्तक १६६९ चं. त्याने कापाकापी करून फुलपाखराचे अवयव अळीच्या कातडीखालीच तयार होत असतात हे दाखवलं. इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगीचं रेशीमकिड्याच्या शरीररचनेवरचं कामही त्याच वर्षीचं.

पण गुदार्तची चित्रं बघा. अळी, कोष, पतंग, एकाखाली एक. झाड नाही, अंडी नाहीत. कोऱ्या कागदावर तरंगणारे जीव. तुम्ही म्हणता ते झाडाशी असलेलं नातं मेरियानने आणलं. तेवढाच दावा करा. तो पुरेसा मोठा आहे.

तुतीचं पान

@अळीमित्र, बरोबर आहे तुमचं. मी भारावून लिहून गेले. स्वामरडाम मला माहीत होता तरी ते वाक्य लिहिलं, ही माझीच चूक. मूळ मजकूर तसाच ठेवते, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला कळेल.

शाईदौत

मी धातूवर कोरून छापे काढते, म्हणून त्या बाजूने थोडं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र छापताना उलटं होतं. डावीकडची फांदी उजवीकडे जाते. शिवाय पत्रा दाबाखाली कागदावर आपली चौकोनी खूण सोडतो आणि कोरलेली रेघ ठाशीव, काळीकुट्ट येते. मेरियानने काही प्रतींसाठी वेगळी युक्ती वापरली. ताजा छापा शाई ओली असतानाच दुसऱ्या ओलसर कागदावर दाबायचा. त्या दुसऱ्या कागदावर चित्र पुन्हा सुलटं होतं, पत्र्याची खूण उमटत नाही आणि रेघ इतकी फिकी येते की शिसपेन्सिलीने काढल्यासारखी वाटते. त्यावर हाताने जलरंग दिले की छापलेलं चित्र आहे हे ओळखूही येत नाही.

यात मेहनत दुप्पट आणि शाई अर्धी. मी हे करून पाहिलंय. दुसरा छापा हमखास कुठेतरी पुसट येतो आणि तो भाग हाताने भरावा लागतो. पण अळीच्या अंगावरचे केस दाखवायचे तर काळी रेघ फार जाड पडते हे तिला कळलं होतं. आपल्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती हे ओळखून तिने छापण्याची रीत निवडली.

सुरीनामच्या पुस्तकाचे बहुतेक ताम्रपट तिने इतर कोरक्यांकडून करून घेतले, अगदी थोडे स्वतः केले. त्यामुळे त्या पुस्तकातल्या रेघेवर बोलताना जपून बोलावं. चर्मपत्रावरची जलरंगातली मूळ चित्रं मात्र तिचीच. त्यांचा मोठा संच तिसऱ्या जॉर्ज राजाने विकत घेतला होता, तो आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

प्रश्नचिन्ह

वाचतोय. पण एक गोष्ट खटकते. अंडं, अळी, कोष आणि पतंग एकाच वेळी एकाच फांदीवर असतील का? क्वचितच. म्हणजे हे चित्र कुठल्याच क्षणाचं खरं चित्र नाही. चार वेगवेगळ्या दिवसांच्या गोष्टी तिने एका जागी बसवल्या. मग याला निरीक्षण म्हणायचं की रचून केलेलं चित्र? आणि रचलेलं असेल तर विज्ञानाच्या बाजूला ते कसं बसतं?

सूक्ष्मदर्शी

@प्रश्नचिन्ह, मी पेशींच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि हा प्रश्न मला रोज भेटतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहालची चेतापेशींची चित्रं पाहिली असतील. मेंदूचा पातळ काप, त्यावर इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जीने शोधलेली चांदीच्या क्षारांची प्रक्रिया, तिने काही मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या दिसतच नाहीत. एका कापात पेशीचा एखादा फाटाच हाती लागतो. काहाल कितीतरी काप बघायचा आणि मग एक चित्र काढायचा, पुष्कळदा सकाळभर पाहिलेलं दुपारी आठवून. त्या चित्रातली पेशींची जुळणी जशीच्या तशी कुठल्याही एका काचपट्टीवर सापडणार नाही. तरीही प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, त्यांचं सलग जाळं नाही, हे त्याचं म्हणणं त्या चित्रांनीच पटवलं. गॉल्जीला ते शेवटपर्यंत मान्य नव्हतं, आणि १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

फोटो एका काचपट्टीचा असतो. काहालचं चित्र शेकडो काचपट्ट्यांचं आहे. मेरियानचं चित्र एका अळीच्या सगळ्या दिवसांचं आहे. रचलेलं आहे म्हणून खोटं होत नाही. ज्या गोष्टी पाहिल्या त्याच रचल्या का, एवढंच तपासायचं.

प्रश्नचिन्ह

'पाहिल्या त्याच रचल्या का' हा निकष मला पटला. मग तोच तिला लावूया. तिने न पाहिलेलं काही रचलंय का?

अळीमित्र

रचलंय, आणि ते लपवायचं कारण नाही. सुरीनामच्या पुस्तकात एका पानावर लांबट, पोकळ डोक्याचा कीटक आहे, इंग्रजीत त्याला कंदीलमाशी म्हणतात. हे किडे रात्री प्रकाशतात, त्या उजेडात वाचता येईल, असं तिने लिहिलंय. ते प्रकाशत नाहीत. त्याच पानावर रातकिड्यासारखा किरकिरणारा सिकाडा आहे आणि एक असा कीटक आहे ज्याचं धड सिकाड्याचं आणि डोकं कंदीलमाशीचं. असा प्राणी अस्तित्वात नाही. एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं असं तिथल्या लोकांकडून ऐकून तिने ते मानलं. म्हणजे ज्या विषयात ती जगात सर्वांत पुढे होती, नेमकी त्याच विषयातली चूक.

आता दुसरी बाजू. अठरावं चित्र: पेरूची फांदी, तिच्यावर मुंग्यांची फौज, एकमेकींना धरून पूल करणाऱ्या मुंग्या, आणि खाली एका मोठ्या केसाळ कोळ्याने हमिंगबर्डला घरट्याशेजारी उताणं पाडलंय. कोळी पक्षी खातो यावर एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या कित्येक विद्वानांचा विश्वास बसला नाही, त्यांनी तिला खोटं ठरवलं. ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्सने १८६३ च्या आपल्या पुस्तकात अशाच कोळ्याच्या तावडीत सापडलेले छोटे पक्षी स्वतः पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा कुठे वाद मिटला. जीवांना लॅटिन नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने मात्र १७५८ मध्येच त्या कोळ्याला छोट्या पक्ष्यांवरून लॅटिन नाव देऊन टाकलं होतं. 'अविक्युलारिया' हे नाव आजही आहे.

त्याच चित्रात घरट्यात चार अंडी आहेत. हमिंगबर्ड दोनच घालतो. टीकाकारांनी तेही काढलंच.

चित्रवेडी

अठराव्या चित्राबद्दल मला नेहमी वाटतं की अळ्यांच्या पानांपुढे ते परकं दिसतं. तिथे तिला नाट्य हवं होतं. अळ्यांच्या पानांत नाट्य नाही, तिथे नुसता वेळ आहे. मला अळ्यांची पानं जास्त आवडतात.

सौंदर्याच्या मोहाचं खरं उदाहरण जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल. 'कुन्स्टफॉर्मेन डेर नाटुर'ची (निसर्गातली कलारूपं) त्याची १०० चित्रं (१८९९ ते १९०४) बघताना डोळे दिपतात. पण प्रत्येक जीव इतका काटेकोर सममित की निसर्गाने कंपास घेऊन काढल्यासारखा. त्याच्या गर्भांच्या चित्रांवर तर त्याच्या हयातीतच आक्षेप घेतले गेले. मेरियानचं पान कुरतडलेलं असतं, एखादं वाळलेलं असतं. त्या कुरतडलेल्या कडेवर माझा विश्वास बसतो.

निळी छटा

याला जोडून इंग्लिश वनस्पतीशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स. ती चित्र काढायचीच टाळते! लोहक्षार लावलेला कागद, त्यावर समुद्रशेवाळ, वर काच, बाहेर ऊन. मग कागद पाण्याने धुवायचा. जिथे ऊन लागलं तिथे गर्द निळा, जिथे शेवाळ होतं तिथे पांढरं. जॉन हर्शेलने ही रीत १८४२ मध्ये शोधली आणि ॲटकिन्सने १८४३ पासून ब्रिटिश शेवाळांचं पुस्तक भागाभागाने काढायला घेतलं, दहा वर्षं पुरलं. मजकूरसुद्धा तिच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्यात. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं.

तिथे निवड फक्त एवढीच: शेवाळ कागदावर कसं पसरायचं. पण ती निवड बघा! एकेक तंतू सुटा केलेला, जणू अजून पाण्यातच आहे. @प्रश्नचिन्ह, रचना तिथेही आहेच.

तुतीचं पान

इतके सुंदर प्रतिसाद! मी आज जे लिहिणार होते ते सावकाश लिहायचं होतं, कारण ते लिहिणं सोपं नाही.

सुरीनामच्या पुस्तकातलं पंचेचाळिसावं चित्र. फूल आपल्या चांगलं ओळखीचं आहे, शंकासुर. लाल-पिवळ्या पाकळ्या, लांब बाहेर आलेले केसर, फांदीवर अळी, शेजारी पतंग. चित्र एवढंच. पण सोबतच्या मजकुरात तिने लिहिलंय की डच मालकांकडून छळ सोसणाऱ्या तिथल्या मूळच्या बायका या झाडाच्या बिया वापरून गर्भ पाडतात, आपल्या मुलांना गुलाम व्हावं लागू नये म्हणून. गिनी आणि अंगोलातून आणलेल्या गुलाम बायकांची अवस्थाही ती सांगते. आणि हे त्यांनीच मला सांगितलं, असं नोंदवते.

अळ्यांच्या पुस्तकात हे का? कारण कुठलं झाड कशाच्या उपयोगी, हे ती प्रत्येक पानावर लिहीत होती, आणि या झाडाचा हा उपयोग होता. तिने तो गाळला नाही. तिथल्या डच मळेवाल्यांबद्दलही ती लिहिते की साखरेखेरीज दुसरं काही शोधणाऱ्या मला ते हसत होते.

पण मग तिच्याबद्दलही तितकंच स्पष्ट बोलायला हवं. जंगलात तिच्यापुढे वाट तोडत जाणारी माणसं गुलाम होती. तिला अळ्या आणून देणारी, झाडांची नावं सांगणारी माणसं तीच. परत येताना एक मूळनिवासी बाई तिच्याबरोबर ॲमस्टरडॅमला आली, आणि तिचं नाव मेरियानने कुठेही लिहिलं नाही. प्रत्येक पतंगाचं झाड नोंदवणाऱ्या बाईने. मला हे वाचून दोन दिवस पुस्तक उघडवलं नाही.

शाईदौत

पंचेचाळिसावं पान मी अनेकदा पाहिलं होतं, फक्त रेघेसाठी. मजकूर कधी वाचलाच नव्हता. आता ते चित्र पूर्वीसारखं बघता येणार नाही.

जुना वाचक

सुरीनामच्या पुस्तकातल्या वनस्पतींची लॅटिन नावं जोडली डच वनस्पतीशास्त्रज्ञ कास्पर कोमेलिनने. त्याच्या काकाने, यान कोमेलिनने, 'होर्टुस मलाबारिकुस'च्या खंडांवर टिपा लिहिल्या होत्या. केरळच्या वनस्पतींचा तो बारा खंडांचा ग्रंथही ॲमस्टरडॅमलाच छापला गेला, १६७८ ते १६९३ मध्ये, आणि त्यातलं बरंचसं ज्ञान इट्टी अच्युदन या वैद्यांकडून आलेलं. तिथे निदान नाव छापलं गेलं, इतकंच नाही तर त्यांचं निवेदनही छापलं गेलं. तुतीचं पान यांनी लिहिलेलं त्यामुळे आणखी बोचलं.

मेरियानच्या घरातलं थोडं: १७१७ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी रशियाच्या पीटर द ग्रेटसाठी तिची चित्रं विकत घेतली गेली. डोरोथिआ नवऱ्यासह सेंट पीटर्सबर्गला गेली, तिथे तिने चित्रकाम केलं. तिची मुलगी सालोमे पुढे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरची दुसरी बायको झाली. मेरियानची निरीक्षणांची वहीही त्याच शहरात विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे: चर्मपत्राचे छोटे तुकडे, प्रत्येकावर एखादी अळी किंवा कोष, शेजारी टिपण.

सूक्ष्मदर्शी

ती वही मला छापील पुस्तकांहून जास्त हवीशी वाटते. अळीचा रंग मेल्यावर टिकत नाही, म्हणून अळ्या जिवंतपणीच रंगवाव्या लागायच्या. पतंग सुकवून ठेवून नंतर काढता यायचे. म्हणजे त्या तुकड्यांवर डोळा आणि हात यांच्यामध्ये वेळच नाही.

अळीमित्र

मी शाळेत मुलांना लिंबावरच्या अळ्या पाळायला देतो. मागच्या वर्षी एका मुलीच्या कोषातून फुलपाखरू आलंच नाही. एके सकाळी डब्यात बारीक गांधीलमाश्या, आणि कोषाला टाचणीएवढं भोक. ती रडली. आपलं काहीतरी चुकलं असं तिला वाटलं. मी तिला मेरियानची चित्रं दाखवली. मेरियानलाही कितीदा कोषातून पतंगाऐवजी माश्या मिळाल्या होत्या. ते असं का होतं याचा पुरता उलगडा तिला झाला नव्हता, पण तिने त्या माश्या चित्रातून वगळल्या नाहीत. मुलीने आपल्या वहीत भोकासकट कोष काढला, आणि शेजारी तेवीस माश्या, मोजून.

निळी छटा

तेवीस! तिची वही जपून ठेवा.

चित्रवेडी

हा धागा सुरू झाला तेव्हा कुंडीतल्या लिंबावर एक अळी सापडली होती, कोणाला सांगितलं नव्हतं. रोज एक चित्र काढलं. कोष होऊन दहा दिवस झाले. आज संध्याकाळी तो काळपट झालाय आणि आतून पंखांची नक्षी दिसतेय. @अळीमित्र, बाहेर आल्यावर रंगवायला किती वेळ मिळेल?

अळीमित्र

नक्षी दिसतेय म्हणजे बहुधा उद्या सकाळीच. बाहेर येताना पंख चुरगळलेले, ओले असतात. ते पसरायला काही मिनिटं, वाळून कडक व्हायला तासदोन तास लागतात. तेवढा वेळ ते हलत नाही. चुरगळलेले पंख आधी काढा, पसरलेले नंतर कधीही काढता येतील. डब्यात उभी काडी आहे ना? लटकायला जागा नसेल तर पंख वाकडे वाळतात.

चित्रवेडी

काडी आत्ता ठेवली. पाचचा गजर लावलाय.